गुन्हा दाखल झाला म्हणजे चारित्र्य गेलं का? वकिलीची सनद आणि आपली मुलं

बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशभरातल्या लॉ कॉलेजांना एक परिपत्रक पाठवलं. बातम्यांत त्यातल्या बायोमेट्रिक हजेरीची आणि वर्गातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची चर्चा झाली. आमच्या मते त्याहून वजनदार गोष्ट वेगळी होती. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने लिहून द्यायचं आहे की आपल्यावर एखादा एफआयआर आहे का, फौजदारी खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का. आणि निर्दोष सुटला असेल तर तेही. माहिती लपवली तर गुणपत्रिका आणि पदवी रोखली जाईल. माहिती खरी दिली, तर कॉलेजने ती बार कौन्सिलला कळवायची आणि तिकडून निर्णय येईपर्यंत थांबायचं.

सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या घरांना हे लांबचं वाटू नये. बारामतीत लॉ कॉलेज आहे, पुणं दोन-अडीच तासांवर आहे, आणि आपल्या समाजातली मुलं-मुली आता कायद्याकडे वळताना दिसतात. डॉक्टर-इंजिनिअरच्या फीला घाबरून काही येतात, काही मनापासून येतात. कोर्टाच्या आवारात आपलं माणूस असावं ही भावना तर जुनीच आहे. जमिनीचा वाद असो, तलाक-मेहरचा असो की वक्फच्या जागेचा, मोहल्ल्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "आपला कोणी वकील आहे का?" तो वकील तयार होण्याच्या वाटेवर आता एक नवीन नाका बसला आहे. त्या नाक्यावर नेमकं काय विचारलं जातं आणि कायद्याने काय विचारायला हवं, हे समजून घ्यायला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

वकिलीची सनद ज्या कायद्याखाली मिळते तो म्हणजे अधिवक्ता अधिनियम, १९६१. त्याच्या कलम २४-अ मध्ये अपात्रता लिहिली आहे. ती १९७३ च्या दुरुस्तीने आली. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस, अस्पृश्यता कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस, आणि नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून काढलेला माणूस, या तिघांना सनद मिळत नाही. (जातीवरून माणसाला हीन लेखणं हा चारित्र्याचा दोष आहे, असं वकिलीच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. हे फार लोकांना माहीत नसतं. आम्हाला ते मुद्दाम सांगावंसं वाटलं.)

ही अपात्रता कायमची नाही. शिक्षा भोगून सुटका झाल्याला किंवा नोकरीतून काढल्याला दोन वर्षं झाली की ती संपते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आणखी एक सवलत आहे. ज्याला दोषी धरूनही कोर्टाने १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टखाली सोडलं, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन सोडलं, त्याला ही अपात्रता लागूच होत नाही.

या सगळ्यात एफआयआर हा शब्द कुठेच नाही. खटला प्रलंबित आहे, अटक झाली होती, आरोपपत्र दाखल आहे, यातलं काहीही कलम २४-अ मध्ये नाही. संसदेने रेघ ओढली ती दोषसिद्धीवर. पोलीस ठाण्यात नाव लिहिलं जाणं आणि न्यायाधीशाने पुरावा तपासून दोषी ठरवणं यांच्यात जो फरक आहे, तो कायद्याने पाळला. परिपत्रकाने तो पुसला, असं आम्ही म्हणणार नाही, कारण माहिती विचारणं म्हणजे नाकारणं नव्हे. पण निर्णय येईपर्यंत पदवीच अडकली, तर ज्याच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही त्याला व्यवहारात शिक्षाच झाली. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं सनद घेऊन ज्युनिअरशिप सुरू करतात, ऑल इंडिया बार एक्झामिनेशनची तयारी करतात, आणि हा कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालतो.

दुसरी बाजूही खरी आहे

हे परिपत्रक हवेतून आलेलं नाही. गुंडगिरी करणारे लोक कुठून तरी पदवी मिळवून काळा कोट घालतात, कोर्टाच्या आवारात दादागिरी करतात, ही तक्रार वकिलांचीच आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१५ साली गंभीर गुन्हे प्रलंबित असणाऱ्यांची नोंदणी करू नये अशी भूमिका घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात नोंदणीआधी पोलीस पडताळणी करायला सांगितलं. त्याआधी २०१६ मध्ये महिपाल सिंग राणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांच्या सवलतीवरच बोट ठेवलं. राणा स्वतः वकील होते आणि न्यायाधीशांना धमकावल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली होती. शिक्षा झालेला माणूस दोन वर्षांनी वकील होऊ शकतो हे कसं, असा प्रश्न कोर्टाने विचारला आणि कायद्याचा फेरविचार करायला सांगितलं. त्यातून विधी आयोगाचा २६६ वा अहवाल २०१७ मध्ये आला.

आम्हाला ही काळजी पटते. वकिलाच्या हातात काय नसतं? विधवेच्या नुकसानभरपाईचा चेक, यतीम मुलांच्या वाट्याची जमीन, तुरुंगात असलेल्या मुलाच्या आईने दागिने गहाण ठेवून आणलेले पैसे. आपल्यातल्याच काही घरांना आपल्याच वकिलाने बुडवलं आहे, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून वकिलाचं चारित्र्य बघूच नका, असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल.

आपल्या फिकहमध्येही हा विषय नवा नाही. काझीसमोर साक्ष देणारा आदिल असला पाहिजे, म्हणजे सचोटीचा. त्याची चौकशी करण्याच्या पद्धतीला तज़किया म्हणत. उघडपणे विचारपूस व्हायची, गुपचूपही व्हायची. पण सुरुवात कुठून करायची यावर उलमांनी बारकाईने विचार केलेला दिसतो. हजरत उमर (र.) यांचं अबू मूसा अशअरी (र.) यांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात मुसलमानांना एकमेकांच्या बाबतीत सचोटीचंच मानावं असं तत्त्व आहे. अपवाद ज्याला हद्दची शिक्षा झाली, ज्याची खोटी साक्ष सिद्ध झाली, किंवा नात्यामुळे ज्याच्यावर पक्षपाताचा संशय आहे त्याचा. म्हणजे गृहीत चांगलं धरायचं आणि अपवाद सिद्ध झालेल्या गोष्टीवर ठेवायचा. इमाम अबू हनीफा यांचं मत असं की हुदूद आणि किसासचे खटले सोडले तर वरवर दिसणारी सचोटी पुरे, समोरच्या पक्षाने आक्षेप घेतला तरच खोलात जायचं. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, नाही, प्रत्येक वेळी चौकशी करा. जमाना बदलला की चौकशी वाढते, हा वाद तेव्हाही होता.

दोन वर्षांच्या सवलतीवर आज जो वाद चालू आहे, तोही आपल्याकडे होऊन गेला आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर खोटा आळ घेणाऱ्याची साक्ष कधीही घेऊ नये असा हुकूम आहे आणि लगेच पुढच्या आयतीत तौबा करून सुधारणा करणाऱ्यांचा अपवाद आहे. हनफी उलमांनी म्हटलं, तौबेने गुनाह माफ होईल, पण साक्षीचा हक परत येणार नाही. शाफईंनी म्हटलं, येईल. आपल्या घाटावरची घरं बहुतेक हनफी आणि कोकणातले आपले भाऊ शाफई, तेव्हा दोन्ही मतं आपल्या घरातलीच आहेत. पण दोघांनाही एक गोष्ट मान्य होती. चर्चा होती ती शिक्षा झालेल्या माणसाबद्दल. कोणी नुसती फिर्याद केली आहे अशा माणसाबद्दल नव्हती.

सुप्यात हे आधी होऊन गेलंय

फिर्याद आणि चारित्र्य यांचा संबंध किती कच्चा असतो, याचा दाखला शोधायला सुप्याच्या लोकांना बाहेर जायला नको. १२ मे १८७५ रोजी याच सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे शिकवतात, ते सुप्यातून सुरू झाले आणि पुढे नगरपर्यंत पसरले. पोलीस आले, लष्कर आलं, शेकडो माणसांना अटक झाली.

आता त्या दिवसाकडे चारित्र्य पडताळणीच्या नजरेनं बघा. दंग्याचे, लुटीचे, जाळपोळीचे गुन्हे शेतकऱ्यांवर. सावकारांची कागदपत्रं मात्र एकदम साफ. त्यांच्याकडे सही-अंगठ्याचे रोखे होते, कोर्टाचे हुकूमनामे होते, आणि त्यातले कितीतरी एकतर्फी मिळवलेले, कारण कुळाला तारीख कधी होती हेच कळायचं नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. गंमत म्हणजे त्या कायद्याने लवादासारख्या समेट अधिकाऱ्यापुढच्या आणि गावमुन्सफापुढच्या छोट्या दाव्यांत वकिलांनाच येऊ दिलं नाही. ज्यांच्या नावावर गुन्हा नव्हता त्यांच्यापासून शेतकऱ्याला वाचवायची वेळ आली होती. जाळपोळ आम्ही योग्य म्हणत नाही. एवढंच म्हणतो की गुन्हा कोणावर नोंदवला गेला, यावरून कोण कसा माणूस आहे हे ठरवायला बसलात तर १८७५ च्या सुप्यात निकाल उलटा लागला असता.

गांधीजींचंही असंच. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इनर टेंपलने त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकलं, कारण शिक्षा झालेला माणूस बॅरिस्टर राहू शकत नाही. नाव परत घालायला १९८८ साल उजाडलं.

गुन्हा कसा दाखल होतो, हे आपल्याला ठाऊक आहे

आपल्या भागात एका पोराच्या नावावर गुन्हा कसा लागतो ते बघू. गणपती आणि मोहरम एकत्र आले, मिरवणुकीच्या रस्त्यावरून बाचाबाची झाली, दोन्हीकडची वीस-वीस नावं लिहिली गेली. ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको झाला, तिथे आरक्षणाच्या मोर्चातली आणि शेतकरी संघटनेची पोरं धरली. क्रिकेटच्या मैदानावर मारामारी झाली. लॉकडाऊनमध्ये नमाजला चार माणसं जास्त झाली म्हणून कलम १८८. या यादीत सगळ्या समाजांची मुलं आहेत, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. लॉकडाऊनचे १८८ चे गुन्हे मागे घेण्याचं राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलं, पण एफआयआर होता का, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे 'नाही' होत नाही.

आणि मग काही गुन्हे असे आहेत जे आपल्याच दारात जास्त येतात. २०२० मध्ये तबलीगी जमातच्या लोकांवर कोरोना पसरवल्याचे गुन्हे नोंदवले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी आणि भारतीय जमातींवरचे एफआयआर रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं स्पष्ट शब्दांत म्हटलं. पुढे व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हे नोंदवण्याचं सत्र चालू झालं. कोल्हापूर जिल्ह्यात एका कॉलेजमधल्या काश्मिरी प्राध्यापकाने कलम ३७० रद्द केल्यावर टीका करणारं आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं स्टेटस ठेवलं, म्हणून त्याच्यावर कलम १५३-अ लावलं. मुंबई उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क असल्याचं सांगितलं. हाच माणूस प्राध्यापक नसून लॉच्या शेवटच्या वर्षाला असता तर? सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची ऐपत सुप्यातल्या किती घरांकडे आहे?

कुरैशी बिरादरीतल्या घरांचा प्रश्न आणखी अवघड आहे. २०१५ च्या गोवंश कायद्याखाली गाडी पकडली की ड्रायव्हरपासून शेठच्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं येतात. अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते नैतिक अधःपतन का? अधिवक्ता अधिनियमात त्या शब्दांची व्याख्याच नाही. ते ज्याच्या टेबलावर फाईल असेल त्याच्या समजुतीवर जातं. आमचं मत विचाराल तर धंद्याच्या परवान्याचा नियम मोडणं आणि फसवणूक, अफरातफर, बलात्कार यांना एका पंगतीत बसवता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पवन कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात याची थोडी दिशा दाखवली आहे. चतुर्थ श्रेणीच्या एका कर्मचाऱ्याला कलम २९४ खाली वीस रुपये दंड झाला होता, तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. कोर्टाने म्हटलं, हे नैतिक अधःपतन नाही. किरकोळ गुन्ह्यात लोक कटकट संपवण्यासाठी गुन्हा कबूल करून मोकळे होतात, त्यावरून त्यांचं आयुष्य बरबाद होऊ नये, याकडेही कोर्टाने संसदेचं लक्ष वेधलं.

ज्यांना आज अडवलं असतं

शाहिद आझमी हे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. गोवंडीत वाढलेला मुलगा, १९९२-९३ च्या दंगलींनी होरपळलेला, विशीच्या आत टाडाखाली पकडला गेला. कित्येक वर्षं तिहारमध्ये काढली. तिथेच शिकला, २००१ मध्ये बाहेर आला, लॉ केलं, सनद घेतली. पुढच्या सात वर्षांत दहशतवादाच्या खोट्या आरोपांत अडकलेल्या माणसांना त्याने एकामागून एक सोडवलं. २६/११ च्या खटल्यातला आरोपी फहीम अन्सारी याचं वकीलपत्र त्याच्याकडे होतं. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या ऑफिसात त्याला गोळ्या घातल्या. तीन महिन्यांनी फहीम निर्दोष सुटला, आणि तो निकाल पुढे उच्च न्यायालयात आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

शाहिदच्या गुणपत्रिकेआधी आजचा फॉर्म आला असता तर त्याने त्यावर टाडा लिहिलं असतं. दिल्लीतल्या एखाद्या समितीने टाडा हा शब्द वाचून काय केलं असतं, याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा. तुरुंग पाहिलेला माणूस वकील झाला म्हणूनच तो तसा वकील झाला, असं आम्हाला वाटतं. आरोपीच्या आईशी कसं बोलायचं हे त्याला कोणी वर्गात शिकवलं नव्हतं.

७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचंही असंच. शिक्षक असलेले अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षं तुरुंगात राहिले, २०१५ मध्ये निर्दोष सुटले, आणि त्या काळात त्यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. बाकीच्या बारा जणांना तेव्हा शिक्षा झाली, त्यात पाच जणांना फाशी. त्यातल्या जन्मठेपेच्या एका कैद्याला लॉची परीक्षा देण्यासाठी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. तोपर्यंत कागदावर तो दहशतवादी होता. २१ जुलै २०२५ रोजी त्याच उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एक जण निकाल ऐकायला जिवंत नव्हता. सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्याला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षांचा हा हिशोब आहे. 'निर्दोष सुटका झाली असेल तर तीही लिहा' असं जेव्हा फॉर्म म्हणतो, तेव्हा तो या माणसांना नेमकं काय विचारतो?

अमेरिकेत हा प्रश्न १९५७ मध्येच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रुडॉल्फ श्वेअर हा न्यूयॉर्कच्या गरीब घरात जन्मलेला माणूस. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, संपांच्या काळात अनेकदा पकडला गेला, एकदाही दोषी ठरला नाही. नंतर सैन्यात गेला, पुढे लॉ शिकला. बारच्या परीक्षेलाच बसू दिलं नाही, कारण चारित्र्य चांगलं नाही. त्याच्या बाजूने त्याच्या रब्बीने, म्हणजे यहुदी धर्मगुरूने साक्ष दिली होती, कॉलेजच्या प्राध्यापकांनी लिहून दिलं होतं. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अटक झाली यातून फार तर एवढंच कळतं की कोणाला तरी त्याच्यावर संशय होता, माणसाने काही वाईट केलं हे त्यातून कळत नाही, असं त्या निकालाचं सूत्र आहे. तिथेही आजपर्यंत चारित्र्याचे फॉर्म भरावे लागतात आणि त्यात खोटं लिहिणाऱ्याला दार बंद होतं. पण अटक आणि अपराध यातला फरक तिथल्या कोर्टाने लिहून ठेवला.

घरात करायची कामं

लॉला मुलगा किंवा मुलगी असलेल्या पालकांसाठी काही गोष्टी.

काहीही लपवू नका. हे आम्ही दोनदा लिहू इच्छितो. महत्त्वाची माहिती खोटी देऊन मिळवलेली सनद बार कौन्सिल ऑफ इंडिया कलम २६ खाली काढून घेऊ शकते, आणि ते दहा वर्षांनीही होऊ शकतं. सरकारी नोकरीच्या बाबतीत २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं त्याचा रोखही हाच आहे, की किरकोळ प्रकरण खरंखरं सांगितलं तर त्याकडे समजुतीने बघता येतं. लपवलेला छोटा गुन्हा उघड केलेल्या मोठ्या गुन्ह्यापेक्षा जड जातो.

कागद जमवा. एफआयआरची प्रत, आरोपपत्र, निकालाची खरी प्रत. पोलिसांनी तपास करून 'ब' किंवा 'क' समरी पाठवली असेल तर तिची आणि ती मंजूर करणाऱ्या कोर्टाच्या आदेशाची प्रत. "केस मिटली आहे" हे तोंडी चालत नाही. कितीतरी घरांत केस मिटलेली असते, पण ती कशी मिटली हे कोणालाच माहीत नसतं.

गुन्हा कबूल करून दंड भरण्याआधी थांबा. मारामारीच्या, जुगाराच्या छोट्या केसमध्ये "कबूल कर, पाचशे रुपये भर, घरी चल" असा सल्ला कोर्टाच्या पायरीवर सहज मिळतो. ती दोषसिद्धी असते. तडजोड होण्यासारखा गुन्हा असेल तर तडजोडीने संपवा, शिक्षाच होणार असेल तर आपल्या वकिलाला प्रोबेशन मागायला सांगा, कारण कलम २४-अ त्या माणसाला वगळतं. हा एक अर्ज न केल्यामुळे दार बंद होऊ शकतं.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ ची प्रत हाताशी ठेवा. त्या प्रकरणामुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही असं ते कलम सांगतं. सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलांवर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला, ती तेवढी वेगळी.

आणि सनद नाकारलीच तर तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. राज्य बार कौन्सिलला नकार द्यायचा असेल तर कारणं लिहून अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावा लागतो, असं कलम २६ मध्येच आहे. कारणं लेखी मागा. लेखी कारण हातात असेल तर उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं.

बाकी काम वकील संघटनांचं आणि आपल्या जमातींचं आहे. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सनदेच्या फीबद्दल ठणकावून सांगितलं की कायद्यात जेवढी रक्कम लिहिली आहे, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे रुपये, त्याहून जास्त बार कौन्सिलना घेता येणार नाही. तोवर ठिकठिकाणी हजारो रुपये घेतले जात होते. कायद्याबाहेरची फी चालत नसेल तर कायद्याबाहेरचा अडथळा तरी कसा चालावा, हा युक्तिवाद कोणीतरी कोर्टात मांडायला हवा. चारित्र्याचा विषय फीपेक्षा वेगळा आहे, समोरून तसं उत्तर येईल, हे गृहीत धरून मांडायला हवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अधिवक्ता अधिनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी लोकांसमोर ठेवला होता. वकिलांनी काम बंद ठेवून विरोध केल्यावर तो मागे घेतला आणि नव्याने लिहिण्याचं सांगितलं. नवा मसुदा येईल तेव्हा पुन्हा सूचना मागवल्या जातील आणि त्यासाठी थोडेच दिवस मिळतील. बारामती आणि इंदापूरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या आपल्या बांधवांनी आतापासून दोन वाक्यं लिहून तयार ठेवावीत: अपात्रता फक्त अंतिम दोषसिद्धीवर असावी, आणि नैतिक अधःपतनात कोणते गुन्हे धरायचे त्याची यादी कायद्यातच असावी. ती आपल्या नावाने नाही, तालुक्याच्या वकील संघाच्या नावाने गेली तर जास्त बरं. ऊस आंदोलनात नाव लागलेल्या पोराचा बापही त्यावर सही करेल.